बाहेर ठेवलेला घास

माझ्या वडिलांना बिबट्याने नेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचा मळा दारणेच्या काठाला, उसाच्या पट्ट्यात आहे हे कळलं की लोक आवाज खाली करून तेच विचारतात. ते सकाळी अकराच्या सुमारास ओट्यावरच्या खाटेवर, चहाचा कप हातात असताना गेले. कप खाली पडला नाही. आईने तो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला, मोरीत नेऊन ठेवला आणि मग शेजारी हाक मारली.

बिबट्या मात्र आमच्या घरात रोजच्या बोलण्यातला होता. माझ्या लहानपणी तो नव्हता. पुढे ऊस वाढला तसा तो आला. मादी उसातच व्यायची, उसातच पिल्लं वाढवायची. त्याच्यासाठी तेच जंगल. वडिलांनी त्याच्याशी भांडण केलं नाही आणि भक्तीही केली नाही. फक्त काही सवयी लावून घेतल्या. अंधार पडल्यावर बाहेर जायचं तर हातात काठी, आणि काठीला वरच्या टोकाशी बैलाच्या गळ्यातले जुने घुंगरू बांधलेले. एकटे चालताना ते मोठ्याने बोलत. कांद्याचा भाव, पाण्याची पाळी, कुणाच्या लग्नात कुणी काय वाढलं, काहीही. मी सुट्टीत मळ्यावर आले की मला त्यांची थोडी लाज वाटायची.

"जनावराला माणूस आहे हे कळलं पाहिजे," ते म्हणत. "कळलं की ते वाट सोडतं. नाही कळलं की घोटाळा. आणि उसाच्या कडेला वाकायचं नाही, बसायचं नाही. बसलेला माणूस आणि बसलेलं कुत्रं त्याला सारखंच दिसतं."

आमचं कुत्रं दोन वर्षांपूर्वी गेलं. खिळ्यांचा पट्टा त्याच्या गळ्यात होता, तरी गेलं. त्यानंतर वडिलांनी दुसरं पाळलं नाही. कुणी राखणीचं सुचवलं तर म्हणायचे, "राखण कसली, आमंत्रण आहे ते." शेळ्यांच्या गोठ्याच्या छातीएवढ्या उंच विटांच्या भिंतींवर त्यांनी जाळी ठोकली, जाळीवर पत्रे टाकले, दाराला आतून-बाहेरून कड्या लावल्या. आत जुना रेडिओ रात्रभर बारीक आवाजात चालू असायचा. चार शेळ्या आणि दोन करडं शेतीच्या बातम्या ऐकत झोपायची.

मी नाशिकमध्ये एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर हळू बोलायची सवय आहे. माझा आवाज पुढच्या टेबलापर्यंतही जात नाही, असं माझे सहकारी म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात. वडील गेल्यावर मी रजा टाकून मळ्यावर राहिले. आईला एकटी ठेवायची नव्हती. तिला शहरात यायचं नव्हतं. शेळ्या कुणाला द्यायच्या नव्हत्या. यांतलं काहीही आम्ही एकमेकींशी स्पष्ट बोललो नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की सकाळी कावळ्याला घास ठेवतात आणि दिवेलागणीला आणखी एक घास बाहेर ठेवतात, तो गेलेल्या माणसाच्या नावाचा. तेरावं होईपर्यंत. आईने जागा निवडली ती अंगणाच्या कडेच्या सपाट दगडाची. शेतातून आल्यावर वडील त्याच्यावर उभे राहून हातपाय धुवायचे. ओट्यापासून पंधरा-वीस पावलं. दगडाच्या पुढे शेवग्याचं झाड, मग पाण्याची चारी, आणि चारीच्या पलीकडे ऊस.

पहिल्या संध्याकाळी तिने दूधभात ठेवला. सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती. आईने ती दोन्ही हातांनी उचलली आणि मावशीला दाखवली. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण, देवळ्याकडे दिलेली, तेराव्यापर्यंत आमच्याकडे राहिली होती.

"जेवले," आई म्हणाली.

मावशीने पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवसापासून आईचा दिवस त्या ताटलीभोवती फिरू लागला. ती स्वतः धड जेवत नव्हती. पण सकाळी रिकामी ताटली हातात आली की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरायचं आणि ती अर्धी भाकरी खायची. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी खिडकीत बसले होते. मांडीवर पुस्तक होतं, पण पान उलटलं गेलं नव्हतं. तेव्हा मी पाहिलं. वस्तीकडून तीन कुत्री आली. एक पिवळसर, दोन काळी. पिवळ्याने ताटली चाटली, काळी बाजूला उभी राहिली. सगळं मिनिटाभरात आटोपलं.

मी आईला सांगितलं नाही. तिला तेवढाच एक आधार आहे, असं मी स्वतःला समजावलं. मला ते समंजसपणाचं वाटलं. पुस्तकं वाचून माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं असं म्हणतात. मला ते कळलं होतं, आणि कळल्यामुळेच मी गप्प बसले.

दहावं पंचवटीत रामकुंडावर झालं. कावळा लगेच शिवला. तेरावं झालं, माणसं पांगली. दिवेलागणीला आई पुन्हा ताटली घेऊन निघाली तेव्हा मावशीने तिला दारात अडवलं.

"आक्का, आता नाय ठेवत. झालं ना तेरावं."

"ते येतात तोवर ठेवते."

"अगं, असं कुठं असतं का? त्यांना पुढं जाऊ दे की."

"तुझा नवरा जिवंत हे. तू नको शिकवू," आई म्हणाली. मावशी बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती देवळ्याला गेली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तू बोल तिच्याशी."

मी मान हलवली.

सुतक फिटल्यावर आईने दूधभात बंद केला. वडिलांना आवडायचं तेच ठेवू लागली. बाजरीची भाकरी आणि तव्यावर परतलेल्या बोंबलाची चटणी. तो वास घरभर राहायचा, मग वाऱ्याबरोबर चारीपर्यंत जायचा. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाच कुत्री मोजली. नंतर सात. ती आता ताटली ठेवायच्या आधीच येऊन शेवग्याखाली वाट बघत बसायची. आई दगडापाशी गेली की बाजूला सरायची, ती परत फिरली की पुढे यायची. तिने त्यांना पाहिलं नसेल असं नाही. कुत्री काय, सगळीकडेच असतात. तिच्या मनात ती आणि ताटली वेगवेगळी होती.

एका सकाळी शेजारचे तात्या अंगणात आले. चप्पल न काढता, म्हणजे घाईत.

"वहिनी, मोटरीपाशी ठसे हेत. लय मोठे. कालपासून आमच्या तिकडचं काळं कुत्रं पण दिसत नाय."

आम्ही बघायला गेलो. ओल्या मातीत पंजा उमटला होता, माझ्या तळहाताएवढा, नखांशिवाय. तो आमच्या विहिरीकडून आला होता. तिथून गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून गेला होता. भिंतीपाशी थांबलाही असावा, कारण तिथे ठसे दाटीने होते. रेडिओ आत चालू होता. मला एकदम वाटलं, की तोही उभा राहून काही वेळ ऐकत होता.

"मागच्या वर्षी नदीपलीकडं एकाच्या गोठ्यात शिरला," तात्या म्हणाले. "एक न्यायला आला अन् आत कोंडल्यावर बावचळला. सगळ्या शेळ्या पाडल्या. दादा असते तर आज जाळी बघितली असती त्यांनी."

वडिलांना तात्या दादा म्हणत, मी नाना. आम्ही जाळी बघितली. मागच्या कोपऱ्यात ती भिंतीपासून सुटली होती, हात आत जाईल एवढी. तात्यांनी तारेने आवळून दिली आणि वनखात्याला फोन लावला.

दुपारी वनरक्षक आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, खाकी कपडे, पायात स्पोर्ट्स शूज. आमच्या अंगणात सावकाश हिंडत तिने ठशांचे फोटो काढले.

"पिंजरा लावा बाई," तात्या म्हणाले. "धरून न्या अन् सोडा तिकडं लांब."

"एक नेला की दुसरा येतो, काका. आणि तुमच्या शेजाऱ्यांची ऊसतोड सोमवारपासून आहे ना? तोड सुरू झाली की तो उरलेल्या उसात सरकणार. म्हणजे इकडेच." तिने चारीकडे बोट दाखवलं. "पिंजऱ्याचा अर्ज वर पाठवते. पण त्याआधी एक सांगा. इथे कुत्री फार आहेत का? बाहेर काही खायला टाकता का? उष्टं, खरकटं, मटणाची हाडं?"

आई म्हणाली, "नाही गं. आम्ही दोघीच. टाकायला उरतं काय?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते टाकणं नव्हतंच. मुलीने माझ्याकडे पाहिलं. "ताई?"

मी म्हणाले, "नाही."

हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. कुत्री कशासाठी येतात आणि कुत्र्यांमागे काय येतं हे त्या अंगणात मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं. वडिलांकडून ते मी शंभरदा ऐकलं होतं. पण आईच्या देखत, एका परक्या मुलीपुढे, 'तुझ्या नवऱ्याच्या नावाचं ताट कुत्री खातात' हे मला बोलवलं नाही. रात्री सांगू, असं ठरवलं. रात्री वाटलं, सकाळी सांगू.

सोमवारी तोड सुरू झाली. कोयत्यांचा आवाज दिवसभर यायचा आणि संध्याकाळी तिकडचं आभाळ एकदम मोकळं दिसायचं. बुधवारपर्यंत चारीच्या पलीकडे आमचाच तेवढा ऊस उरला. मी आईला म्हणाले, "आज ताटली ओट्यावरच ठेव ना. इतक्या लांब कशाला?"

"ओट्यावर ते कसे येतील? पाय धुतल्याशिवाय कधी आलेत का?"

"मग मी ठेवते."

"तू नको. माझ्या हातचं लागतं त्यांना."

मी काठी तिच्या हातात दिली. तिने ती दाराला टेकवून ठेवली, कारण ताटली आणि पाण्याचा तांब्या धरल्यावर हात उरत नव्हता.

सव्वासहा वाजले असतील. थंडीत त्या वेळी रंग आधी जातात, मग आकार. मी ओट्यावर उभी होते. आई दगडाकडे चालली होती. मला आधी जाणवलं ते न दिसणं. शेवग्याखाली एकही कुत्रं नव्हतं. सात कुत्री रोज ज्या जागी बसायची तिथे कुणीच नव्हतं, आणि वस्तीच्या बाजूला लांबून एक कुत्रं घसा बसल्यासारखं भुंकत होतं.

आई दगडापाशी पोचली. तिने तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं, हाताने पुसून घेतलं आणि घराकडे वळून ताटली ठेवायला खाली बसली. दोन्ही गुडघे मुडपून, पाठ उसाकडे.

चारीच्या काठावर तो होता. मी त्याला येताना पाहिलं नाही. मातीचा एक उंचवटा म्हणून मी ज्याच्यावरून नजर फिरवली होती, त्याला कान होते. तो पोटावर बसला होता, मान पुढे, आणि आईच्या पाठीकडे बघत होता. दोघांमध्ये शेवग्याचं झाड आणि सात-आठ पावलं.

धावायचं नाही हे मला माहीत होतं. किंचाळायचं की नाही, ते आठवेना.

"आई," मी म्हणाले. "उभी राहा."

माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही. ती ताटलीतली भाकरी नीट करत होती. चटणी एका बाजूला सारत होती.

"आई, उभी राहा! वळू नको. नुसती उभी राहा."

या वेळी तिने ऐकलं. "काय गं?" म्हणत हातातली ताटली तशीच घेऊन ती उठली. तिची उंची वाढली तसा तो मागच्या पायांवर किंचित उठला. गेला नाही. त्याची शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"आता माझ्याकडे ये. मागे बघू नको. सावकाश. आणि बोल माझ्याशी. मोठ्याने."

"काय बोलू? काय झालंय?"

"काहीही बोल!"

ती बोलेना. मग मलाच बोलावं लागलं. थांबले असते तर ती मागे वळली असती, आणि वळल्यावर तिने काय केलं असतं कोण जाणे. मोठ्याने बोलायचं, न थांबता. भाव मला ठाऊक नव्हते, पाण्याची पाळी ठाऊक नव्हती. महिनाभर जे एकच वाक्य माझ्या तोंडात तयार होऊन बसलं होतं तेच बाहेर आलं.

"आई, तुझं ताट कुत्री खातात! रोज कुत्रीच खातात! पहिल्यांदा तीन होती, आता सात आहेत! मी चौथ्या दिवसापासून बघतेय खिडकीतून! नाना नाही जेवत! कुत्री जेवतात, म्हणून तो येतो! मी त्या बाईला पण खोटं सांगितलं! चालत राहा, आई, थांबू नको!"

मी हे ओरडत ओट्यावरून खाली उतरले होते. काठी हातात कधी घेतली आठवत नाही. घुंगरू वाजत होते. आई माझ्याकडे बघत चालत होती. ताटली तिच्या छातीशी होती, आणि तिच्या डोळ्यांत बिबट्याची भीती नव्हती, कारण तो तिला दिसलाच नव्हता. तिला फक्त मी दिसत होते. मी तिचा दंड धरला आणि दोघी उलट्या पावलांनी ओट्यापर्यंत आलो.

त्याने एकदा आमच्याकडे तोंड करून पाहिलं. मग काही घडलंच नाही अशा चालीने चारी ओलांडून उसात गेला. पानं हललीसुद्धा नाहीत.

दार लावून कडी घातल्यावर आईने ताटली आतल्या फळीवर ठेवली.

"चौथ्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"हो."

"अन् मी रोज सकाळी तुला दाखवत होते."

"हो."

"तू पण म्हणायचीस, जेवले म्हणून."

मी म्हणायचे. तेही खरं होतं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रागावून आदळआपट करणारी ती नाही. चहा माझ्यापुढे ठेवायची आणि निघून जायची. बिबट्या किती जवळ होता हे तिला तात्यांनी दुसऱ्या दिवशी काठावरची जागा दाखवून सांगितलं. तिने ते ठसे बघितले, स्वतः बसली होती तो दगड बघितला, मधली पावलं मोजली. माझ्याकडे बघितलं नाही. पण घरात येऊन तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला वनरक्षकाचा नंबर लावला.

"मी दारणाकाठच्या मळ्यातून बोलते. तुम्ही विचारलं होतं ना बाहेर काय टाकता का? आम्हीच टाकत होतो. मीच. ह्यांच्या नावानं." पलीकडून ती मुलगी काहीतरी म्हणाली. आई ऐकत राहिली. "नाही, नाही. माझ्या लेकीला काही बोलू नका. तिनं माझ्यापायीच सांगितलं नाही."

तिसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा बोंबील परतला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अडवू नको. बाहेर नेत नाय," ती म्हणाली. तिने पाट मांडला, पान वाढलं, वर परात पालथी घातली आणि दिवा लावला. आम्ही दोघी तिथेच भिंतीला टेकून जेवलो. कुत्री शेवग्याखाली येऊन बसल्याचा आवाज आला, मग काही वेळाने ती कुरकुरत वस्तीकडे निघून गेली. त्यानंतर आम्ही कितीतरी वेळ कान देऊन बसलो होतो. काहीच आलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा ती परातीसमोर बसली होती. माझी वाट बघत असावी. तिने परात उचलली. भाकरी कडेने कडक होऊन वर वळली होती. चटणी तशीच होती, तिने बोटाने सारली होती तशी एका बाजूला.

आई त्या पानाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"नाही जेवले," ती म्हणाली.

या वेळी मी काही म्हणाले नाही, आणि ते गप्प राहणं निराळं होतं. थोड्या वेळाने ती गुडघ्यावर हात टेकून उठली. भाकरीचे तुकडे करून तिने ओच्यात घेतले, शेळ्यांसाठी.

"गाभण शेळी आज-उद्या व्यायची," ती म्हणाली. "व्यायल्याचा वास लांबवर जातो. चार वाजताच आत घेऊ सगळ्यांना. अन् तात्यांना म्हणावं, व्यायल्यावर पडेल ती वार चारीच्या काठाला टाकायची नाय. खोल पुरायची. तू सांग त्यांना. जरा मोठ्यानं सांग, त्यांना कमी ऐकू येतं."